सारंगखेड्याहून आणलेले तट्टू आपले कसे होते?

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती येते आणि तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. हे गाव शहादे तालुक्यातले. पूर्वी ते धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. पण धुळे-जळगावच्या शेतकऱ्याच्या लेखी ही यात्रा अजूनही घरचीच. दत्ताचे दर्शन होते, नवस फेडले जातात आणि मग पावले आपोआप घोडेबाजाराकडे वळतात. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, पंजाब अशा लांबलांबच्या मुलखांतून व्यापारी जनावरे घेऊन येतात. काळे, कुमेत, अबलख, पांढरे नुकरे. उंच मारवाडी घोडी आणि त्यांच्याच शेजारी दावणीला उभी असलेली लहानखुरी तट्टे.

बाजारात गिऱ्हाईक काय पाहते? उंची पाहते, रंग पाहते, भोवरे मोजते, देवमन आहे का, पंचकल्याणी आहे का याची खात्री करते. जाणता असेल तर ओठ उचलून दात बघतो आणि चार पावले चालवून पाय बघतो. सौदा ठरतो, पैसे मोजले जातात, दोर हातात येतो. जनावर टेम्पोत चढते आणि अमळनेर, पारोळे, शिरपूर, चोपडे, साक्री अशा वाटांनी नव्या घरी येते.

खरा व्यवहार इथून सुरू होतो, आणि पुष्कळ घरांतून तो इथेच फसतो. बाजारात गरीब दिसलेले तट्टू घरी आल्यावर कान मागे टाकते. सालदार वैरण टाकायला गेला की पाठ फिरवते. दोराला झटका देते, खोगीर पाहिले की थरथरते. मग कोणीतरी म्हणतो, “याला दोन हाणल्याशिवाय वळण लागायचे नाही.” दोन हाणले जातात, तट्टू लाथ झाडते, घरातली मुले अंगणात यायला भितात आणि फाल्गुन उजाडण्याआधीच पदरचे पैसे घालून जनावर विकायला काढले जाते. ही कथा खानदेशातल्या पुष्कळ गावांच्या परिचयाची आहे. दोष जनावराचा नसतो. त्याला आपली ओळख करून घ्यायला कोणी सवडच दिलेली नसते.

सवड मात्र याच दिवसांत असते. ज्वारी-बाजरी खळ्यावरून घरात आलेली असते. कपाशीची वेचणी चालू असली तरी पावसाळ्यासारखी धांदल नसते. गहू-हरभऱ्याला पाणी देण्याच्या पाळ्या सोडल्या तर सकाळची दोन उन्हे आणि संध्याकाळची शेकोटी आपल्या हातची असते. चिखल नाही, माशा-गोमाशांचा त्रास कमी. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या घरात गेला की माणसालाही सावली सोडवत नाही. तेव्हा जनावराशी सलगी कुठून करणार? आणि चैत्र-वैशाखात लग्नसराई आली की वरातीसाठी तट्टाला मागणी येते. तोवर ते तयार असावे असे वाटत असेल, तर पौष-माघ हेच महिने कामाचे.

भीती कशाची?

घोड्याला समजून घ्यायचे तर एक गोष्ट आधी मनात पक्की धरावी. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. त्याला ना शिंगे, ना सुळे. धोका दिसला की पळायचे, हेच त्याचे संरक्षण. बैल बिचकला तर उभा राहून फुरफुरतो. घोडा आधी उडी मारतो आणि मग काय झाले ते बघतो. हा त्याचा हट्ट नव्हे, तो पिढ्यान्‌पिढ्यांचा स्वभाव आहे.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त दोन जागा त्याला दिसत नाहीत : कपाळाच्या अगदी समोरची आणि शेपटीच्या थेट मागची. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. न बोलता मागून आलेला माणूस त्याला दिसत नाही, नुसती चाहूल लागते. आणि न दिसणाऱ्या चाहुलीला त्याचे उत्तर लाथ हेच असते. समोरून एकदम कपाळावर हात नेला तरी तो मान झटकतो, कारण हात जवळ येताच नजरेआड होतो.

उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून अंधाऱ्या गोठ्याच्या दारात तट्टू अडले तर ओढाताण करू नये. क्षणभर उभे राहू द्यावे, ते आपसूक आत येते.

तिसरी गोष्ट म्हणजे घोडा कळपातला प्राणी आहे. बाजारात त्याच्या दोन्ही अंगांना आपल्या जातीची जनावरे होती. आपल्या अंगणात ते एकटेच असते. एकट्या घोड्याला रात्र वैऱ्याची वाटते. दुसरे तट्टू नसेल तर निदान शेळी, गाय किंवा बैलजोडी त्याला दिसेल अशा जागी दावण करावी. पुष्कळ घोडे शेळीच्या सोबतीने शांत होतात.

पहिले आठ दिवस

नवे तट्टू आले की त्याला पहिले आठ दिवस कामाला लावू नये. खोगीर नको, गाडी नको, गावभर मिरवणूक नको. पाहुण्याला जसे आपण आधी ओसरीवर टेकू देतो, पाणी देतो आणि मग कामाचे विचारतो, तसेच हे.

जागा वाऱ्याच्या आडोशाची, कोरडी आणि घरातली वर्दळ दिसेल अशी असावी. घरच्या इतर घोड्यांपासून मात्र त्याला दोन-तीन आठवडे वेगळे, पण नजरेच्या टप्प्यात ठेवावे. यात्रेतून नाक वाहण्याचा, घशाखाली गाठी येऊन पिकण्याचा सांसर्गिक रोग येतो, विशेषतः कोवळ्या जनावरांत. पाण्याची बादलीही वेगळी असावी.

या दिवसांत घरच्या माणसांनी एवढेच करायचे : ठरलेल्या वेळी वैरण-पाणी, आणि दिवसातून दोन वेळा पंधरा-वीस मिनिटे नुसते जवळ बसणे. जवळ म्हणजे दोराच्या टप्प्याबाहेर, त्याच्या खांद्याच्या दिशेला. बाज टाकून बसावे, शेंगा फोडाव्यात, कपाशीची बोंडे सोलावीत, दोर वळावा, मुलांनी धडा वाचावा. तट्टाकडे टक लावून पाहू नये. टक लावून पाहतो तो शिकारी, असे ते धरून चालते. आवाज मात्र अधूनमधून कानी पडू द्यावा. एक नाव ठेवावे आणि त्याच नावाने, त्याच सुरात हाक मारावी.

तीन-चार दिवसांत फरक दिसू लागतो. आधी ते पाठ करून उभे असते. मग एक कान आपल्याकडे वळतो. मग मान वळते. एक दिवस वैरण खाता खाता ते पाऊल पुढे टाकून आपला वास घेते. त्या क्षणी घाईने हात पुढे करू नये. वास घेऊ द्यावा आणि सावकाश उठून निघून जावे. आपण होऊन आलेल्या जनावराला आपण पकडले नाही, ही गोष्ट ते विसरत नाही.

घोड्याची आठवण पक्की असते याला शास्त्राचाही आधार आहे. फ्रान्समधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या शिंगरांना शिकवताना खाऊ दिला होता त्यांनी कित्येक महिन्यांनंतरही माणसाविषयीचा चांगला ग्रह टिकवून ठेवल्याचे आढळले. चांगले जसे लक्षात राहते तसे वाईटही राहते. पहिल्या आठवड्यातला एक फटका विसरायला लावण्यासाठी पुढे महिने खर्ची पडतात.

हात कुठे ठेवावा?

ओळख झाली की पुढची पायरी स्पर्शाची. डाव्या अंगाने, तिरपे, हाक देत जावे. खांद्याशी थांबावे. पहिला हात खांद्यावर, तोंडावर नव्हे. तिथून हळूहळू वर, आयाळ संपते त्या उंचवट्यापाशी जावे. घोडे एकमेकांशी मैत्री करतात तेव्हा नेमके इथेच दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग भागातील घोड्यांवर केलेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की या जागी खाजवले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. दुसऱ्या जागी खाजवून तो परिणाम दिसला नाही. आपले जुने मोतद्दार पुस्तक न वाचता हेच करीत आले आहेत.

थोपटण्यापेक्षा खाजवणे बरे. आपण ज्याला कौतुकाची थाप म्हणतो ती नव्या जनावराला मारासारखीच वाटते.

पाच-सात दिवस हाताने खाजवल्यावर खरारा घ्यावा. हिवाळ्यात घोड्याच्या अंगावर दाट केस येतात. त्यात धूळ आणि घाम अडकतो. खराऱ्याने ती निघते, कातडीखालचे रक्त खेळते आणि जनावराला सुख वाटते. मान, खांदा, पाठ, पुठ्ठे अशा क्रमाने, केसांच्या ओढीने जावे. पोट, बगल आणि मागच्या मांड्या नाजूक. तिथे खरारा न लावता मऊ फडके फिरवावे. खरारा करता करता जखमा, उवा, गोचिडी, दोराचे वळ सगळे हाताला लागते. थंडीत गार पाण्याने अंघोळ घालू नये. त्याऐवजी उन्हात कोरड्या मातीत लोळू द्यावे. लोळून उठले, अंग झाडले, की समजावे स्वारी खुशीत आहे.

पाय उचलायला शिकवणे याच काळात उरकावे. खांद्यावरून हात खाली सरकवीत गुडघ्यापर्यंत न्यावा, मग नळीपर्यंत, मग खुरापर्यंत. पहिल्या दिवशी खूर दोन बोटे उचलला आणि लगेच आपण होऊन खाली ठेवला, एवढे पुरे. मुद्दा आहे तो आधी सोडण्याचा. त्याने ओढून घेण्यापूर्वी आपण सोडला, तर त्याला विश्वास येतो. महिन्याभरात चारही खूर रोज साफ करता येतात आणि दीड-दोन महिन्यांनी नालबंद येतो तेव्हा चार माणसांनी दाबून धरावे लागत नाही.

खूण कशी ओळखावी?

घोडा मुका असला तरी अंगाने बोलतो. कान पुढे म्हणजे कुतूहल. कान मानेला चिकटून मागे म्हणजे राग, तेव्हा थांबावे. डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, नाकपुड्या ताणल्या, शेपटी फटकारू लागली, तर काहीतरी सहन होत नाही. खालचा ओठ सैल, मान खाली, एक मागचा पाय टेकवून सैलावलेला, पापण्या अर्धवट मिटलेल्या, म्हणजे जनावर निवांत आहे.

सगळ्यात मोठी खूण रात्रीची. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवे व्हावेच लागते, आणि जिथे भीती वाटते तिथे तो आडवा होत नाही. नवे तट्टू पहिले काही दिवस रात्रभर उभे असते. एके पहाटे त्याच्या कुशीला गवताच्या काड्या चिकटलेल्या दिसल्या, की समजावे त्याने हे घर आपले मानले.

ठेलारींच्या वाड्याकडे पाहा

घोड्याशी सलगी कशी करावी याचा धडा घ्यायला लांब जायला नको. खरीप निघाला की मेंढ्यांचे वाडे आपल्याच शेतांत बसतात. साक्री, धुळे, शिंदखेडे या बाजूंचे ठेलारी मेंढपाळ खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात, आणि त्यांच्या बिऱ्हाडाबरोबर तट्टे असतात. सारा संसार त्या तट्टांच्या पाठीवर : भांडी, वाकळा, पीठमीठ, जाळीचे दोर, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, आणि कधी कधी बाळसुद्धा.

त्यांच्याकडे पागा नाही, मोतद्दार नाही. तट्टू जन्मल्यापासून बिऱ्हाडात वाढते. दिवसभर त्याच्या भोवती माणसे, कुत्री, मेंढ्या, चुलीचा धूर, भांड्यांचा खणखणाट. ओझे बहुधा बायाच लादतात आणि तट्टू मुकाट उभे राहते. कोणी त्याला मुद्दाम शिकवायला बसले असे दिसत नाही. ते माणसांत राहिले म्हणून माणसांचे झाले. आपल्या घरच्या तट्टाला हीच गोष्ट हवी असते आणि आपण त्याला गोठ्याच्या मागे एकटे बांधून ठेवतो.

भीमथडीचे तट्टू म्हणून जी दख्खनी जात मराठ्यांच्या स्वाऱ्यांत नावाजली, तीसुद्धा पुढे मुख्यतः धनगर बांधवांच्या बिऱ्हाडांनीच जगवली. अलीकडे या जातीची देशपातळीवर घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. ज्या काळात संस्थानिकांच्या पागा मोडल्या, त्या काळात गरिबाच्या वाड्याने हे वाण राखले, ही गोष्ट शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी.

थंडीतले चारापाणी

प्रेमाने पोट भरत नाही. खानदेशात थंडीच्या लाटेत धुळ्याकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंतही उतरतो. घोड्याला ही थंडी फार बाधत नाही. वारा आणि ओल बाधते. वैरण पचताना आतड्यात ऊब तयार होते. म्हणून थंडीच्या रात्री चंदी वाढवण्यापेक्षा एक पेंढी कडबा जास्त टाकावा. दादरचा स्वच्छ कडबा किंवा वाळलेले गवत चांगले. वजनाच्या शेकडा दीड ते दोन भाग कोरडी वैरण रोज लागते. म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोच्या तट्टाला सुमारे चार-पाच किलो. तीही एकदम न टाकता चार-पाच वेळा विभागून, कारण घोड्याचे जठर अंगाच्या मानाने लहान असते.

भिजवलेले हरभरे, जव, गव्हाचा कोंडा ही चंदी कामाच्या मानाने द्यावी. बसून असलेल्या तट्टाला वैरणच पुरे. मिठाचा खडा समोर असावा.

पाण्याकडे सर्वांत जास्त लक्ष हवे. थंडीत टाकीतले गार पाणी घोडा पुरेसे पीत नाही, पोटातला कोरडा चारा अडतो आणि पोटशूळ उठतो. हिवाळ्यात विहिरीचे पाणी कोमट असते. ते ताजे काढून पाजावे. तट्टाला दिवसाला पंधरा ते पंचवीस लिटर पाणी लागते.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. अवकाळी पावसात भिजून काळा पडलेला, बुरशी आलेला कडबा घोड्याला घालू नये. बैलाला तो पचला तरी घोड्याच्या जिवावर बेततो. कोवळी हिरवी ज्वारी सतत घालू नये. मूत्राशय बिघडते आणि मागचे पाय लुळे पडतात. कोंबड्यांचे खाद्य तर चुकूनही नको. त्यात रोगप्रतिबंधासाठी घातले जाणारे मोनेन्सिनसारखे औषध घोड्याला विषासारखे आहे.

घोड्याला उलटी होत नाही. त्यामुळे तो पुढच्या पायाने माती उकरू लागला, कुशीकडे वळून पाहू लागला, पुन्हा पुन्हा लोळू लागला, लीद पडेनाशी झाली, तर ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवावे. बांबूच्या नळीने तेल पाजू नये. ते फुप्फुसात गेले तर होत्याचे नव्हते होते. रोज जवळ बसणाऱ्या माणसाला ही लक्षणे तासभर आधी कळतात. सवडीने बसण्याचा हा रोकडा फायदा आहे.

मुले आणि तट्टू

घरातल्या मुलांना तट्टाचे वेड असतेच. त्यांना लांब ठेवू नये, पण नियम घालून द्यावेत. मोठे माणूस जवळ असल्याशिवाय दावणीत जायचे नाही. आधी नावाने हाक, मग जाणे. मागून जायचे नाही. पोटाखालून तर कधीच नाही. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. पळायचे नाही, किंचाळायचे नाही.

हातावरून गूळ चारण्याची सवय लावू नये. त्याने तट्टू हात धुंडाळू लागते आणि एक दिवस बोट चावते. गूळ, गाजर द्यायचे ते घमेल्यात ठेवून द्यावे.

आणि घरातल्या बायामाणसांनी तट्टापासून दूर राहायचे, ही समजूत सोडून द्यावी. शेळी, म्हैस, वासरू ज्या हातांना ओळखतात तेच हात तट्टाला लागले तर ते लवकर निवळते. घरधनी बाहेरगावी गेला तर वैरणपाणी शेवटी त्याच माउलीला पाहावे लागते. मग ओळख आधीच झालेली बरी.

घोडी गाभण असेल तर

घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते. हिवाळ्याच्या अखेरीपासून शिंगरे जन्माला येऊ लागतात. नवजात शिंगराला धरून ठेवून कुरवाळण्याची आपल्याला हौस असते. त्याने ते माणसाळते असे आपण समजतो. फ्रान्समध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगळीच वाट चांगली ठरली. विल्यावर पहिले पाच दिवस, रोज पंधरा मिनिटे, संशोधकांनी शिंगराला हात न लावता त्याच्या आईला हळुवार ब्रश केले. शिंगरू बाजूला उभे राहून बघत होते. अशी शिंगरे पुढे माणसाला कमी भ्यायली, आणि तो परिणाम वर्षभरानंतरही दिसला. आई ज्याला भीत नाही त्याला लेकरू भीत नाही, हे कोणाही आईला सांगायला नको. म्हणून गाभण घोडीच्या पाठीवर आत्ताच खरारा फिरू द्यावा.

शिंगराला तीन वर्षे पुरी होण्याआधी स्वारीला किंवा ओझ्याला घेऊ नये. त्याची हाडे तोवर कच्ची असतात. दुधाचे दात अडीच वर्षांपासून पडू लागतात आणि पाचव्या वर्षी तोंड भरते. बाजारात दात पाहावेत ते यासाठी.

वाजंत्रीची सवय

ज्यांनी वरातीसाठी तट्टू घेतले आहे त्यांनी माघातच तयारी सुरू करावी. एकदम बँडपुढे नेऊन उभे केले, तर नवरदेवासकट पळणारे तट्टू आपण सर्वांनी पाहिले आहे. आधी लांबवर, शेताच्या दुसऱ्या टोकाला डबा वाजवावा आणि तेवढ्यात इकडे त्याच्यापुढे वैरण टाकावी. ते खाणे थांबवून कान टवकारील. पुन्हा खाऊ लागले की आवाज थांबवावा. दुसऱ्या दिवशी दहा पावले जवळ. कोणत्याही दिवशी ते घाबरले तर दहा पावले मागे. याच रीतीने फडफडणारी झूल, गोंडे, छत्री, रंगीत दिवे, मोटारीचा कर्णा. एका वेळी एकच नवी गोष्ट. पाच-सहा आठवडे लागतात. अंगात बळ येण्यासाठी रोज तासभर चालवावे, पण शेवटी घरी परततानाची चाल सावकाश असावी.

फटाक्यांपुढे मात्र कोणतेही तट्टू उभे करू नये. वधूवराकडच्या मंडळींना हे आधीच बजावून सांगावे. सुपारी कमी मिळाली तरी चालेल.

कागदपत्र आणि लस

यात्रेत घोडा घेताना पावतीबरोबर पशुवैद्यकाचा दाखला मागावा. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्यांपासून माणसालाही होतो. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगविषयक कायद्याप्रमाणे तो कळवणे बंधनकारक आहे. रक्ताच्या तपासणीने तो कळतो. हरियाणातील हिसार येथे १९८५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या कामात देशभर मार्गदर्शन करते. नाकातून चिकट स्राव, कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर जनावर वेगळे बांधून लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. धनुर्वाताची लस दरवर्षी द्यावी. खिळा रुतणे, नाल निखळणे हे घोड्याच्या नशिबी नेहमीचेच.

आता घोडा कशाला?

घरात मोटारसायकल आली, ट्रॅक्टर आला. मग घोडा कशाला, असे पोरे विचारतात. देशाच्या पशुगणनेत २०१२ साली सव्वासहा लाख घोडे-तट्टे होती. २०१९ च्या गणनेत ती तीन लाख चाळीस हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. ज्याला घोडा पाळायचा आहे त्याने हिशेब मांडूनच पाळावा. दिवसाला चार-पाच किलो वैरण, नाल, लस आणि घरातल्या एका माणसाचा रोजचा तासभर वेळ, हा खर्च परवडत असेल तरच.

पण ज्याने आधीच दोर हाती घेतला आहे त्याने वेळेची कंजुषी करू नये. दिवसाला दोन वेळा वीस मिनिटे धरली तर दत्तजयंतीपासून महाशिवरात्रीपर्यंत पन्नास तासांच्या आसपास होतात. हंगामभर तट्टाशी झुंजण्यात, औषधपाण्यात आणि शेवटी तोट्यात विकण्यात जे जाते, त्याच्यापुढे हे काहीच नाही. लग्नसराईच्या तोंडावर धावपळ करणे म्हणजे वरातीमागून घोडे.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, आज संध्याकाळी गाईची धार काढून झाली की बाज उचला आणि तट्टाच्या खांद्याच्या बाजूला, दोराच्या टप्प्याबाहेर टाका. शेंगांचे सूप मांडीवर घ्या. त्याच्याकडे पाहू नका. त्याचा एक कान तुमच्याकडे कधी वळतो, एवढेच हळूच बघा.